काकूंनी न खाल्लेलं मटण

परवा भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. नवीन संसार, नवीन किराणा. म्हणाला, "मामा, इथे मिठाच्या डब्यावर 'कोशर' लिहिलंय. बायको म्हणते आधी विचारून घे. तिच्या माहेरी सगळे शाकाहारी. यात प्राण्याचं काही नाही ना?"

मी हसलो. म्हटलं, "अरे, मीठ आहे ते. बिनधास्त घाल वरणात." मग त्याला सांगितलं की ते मीठ स्वतः कोशर आहे म्हणून त्याला ते नाव पडलेलं नाही. मांसातलं रक्त ओढून काढायला जाडं मीठ लागतं, त्यावरून ते नाव. आणि पुढे कधी डब्यावर 'पारेव्ह' दिसलं तर त्यात मांस नाही, दूधही नाही. पण अंडं किंवा मासा असू शकतो. म्हणजे सासरच्या मंडळींसाठी ती खात्री पुरेशी नाही.

"मामा, तुला हे सगळं कसं माहीत?"

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते. म्हणून इथे लिहितोय. घरच्यांपैकी काहींना यातला अर्धा भाग माहीत आहे, पण तो आईच्या बाजूचा. दुसरी बाजू मला फार उशिरा कळली.

सत्तरच्या दशकात आम्ही वर्ध्याच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. वर्धा जंक्शन, त्यामुळे कॉलनीत सगळ्या मुलखातली माणसं. आमच्या दोन दारं सोडून एक कुटुंब कोकणातून मुंबईमार्गे बदली होऊन आलेलं. नाव लिहीत नाही, पण आडनाव कुठल्याही मराठी माणसासारखं, गावाच्या नावापुढे 'कर' लावलेलं. काकू नऊवारीत, कपाळ मात्र मोकळं. बोलणं शुद्ध मराठी, आमच्या वऱ्हाडीपुढे पुस्तकी वाटणारं. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे. कॉलनीत कुणी त्यांना ख्रिश्चन समजे, कुणी मुसलमान. ते बेने इस्राएल होते. म्हणजे यहुदी, कोकणातले मराठी यहुदी.

आम्ही बौद्ध. १९५६ साली नागपूरला आजोबा पायी गेले होते, ते घर. आईचं बालपण आर्वीकडच्या खेड्यातलं. तिथे तिला पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं आणि चहाची कपबशी हॉटेलच्या बाहेर खुंटीला वेगळी टांगलेली असायची. ती हे फारसं सांगत नसे, पण कोण आपल्याकडे काय खातं आणि काय टाळतं, हे तिच्या नजरेतून कधी सुटायचं नाही.

धाकट्या भावाचा पहिला वाढदिवस होता. आईने मटणाचा रस्सा केला होता, खसखस, खोबरं, काळा मसाला घालून. कॉलनीतली सात-आठ घरं जेवायला. काकू आल्या, बाळाला झबलं दिलं, पंगतीत बसल्या. आईने वाढलेली मटणाची वाटी त्यांनी हळूच ताटाबाहेर ठेवली. वरण-भात जेवल्या, पोळी खाल्ली, आणि "ताई, छान झालं हो वरण" म्हणून गेल्या.

त्या रात्री आई भांडी घासताना बोलत होती. "माह्या हातचं वरण चालते, मटन काहून नाई चालत? मटन आपल्या घरचं, म्हणून?" बाबा म्हणाले, "जाऊ दे न." आई म्हणाली, "जाऊच तं देत आलो आतापर्यंत."

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः येऊन सांगून गेल्या. "ताई, मनाला लावून घेऊ नका. आम्ही बाजारातलं मटण कुणाकडचंच खात नाही. आमचं कापणं वेगळं असतं." आईने चहा दिला, पण विश्वास ठेवला नाही. अशी कारणं तिने खूप ऐकली होती. दोन महिने बोलणं जेवढ्यास तेवढं.

आता काकू काय सांगत होत्या ते नीट मांडतो.

यहुदी धर्मशास्त्रात मांस कोशर, म्हणजे 'योग्य' ठरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. पहिली पायरी प्राण्याची. तोरा या त्यांच्या मूळ ग्रंथाप्रमाणे जनावराचा खूर दुभंगलेला हवा आणि ते रवंथ करणारं हवं. दोन्ही गोष्टी हव्यात. शेळी, मेंढी, गाय, हरीण चालतं. डुकराचा खूर दुभंगलेला, पण ते रवंथ करत नाही, म्हणून बाद. उंट रवंथ करतो, पण खुरात नापास. पक्ष्यांची निषिद्ध यादी दिलेली आहे, तीत बहुतेक शिकारी पक्षी. कोंबडी, बदक, कबूतर परंपरेने चालतात. पाण्यातल्या जिवाला पर आणि खवले दोन्ही हवेत.

दुसरी पायरी कापण्याची, आणि इथेच सगळं अडतं. कापणारा शिकलेला आणि परवानगी मिळालेला माणूस हवा. त्याला शोहेत म्हणतात. त्याच्या सुरीला एवढीशीही खाच चालत नाही. कापण्याआधी आणि नंतर तो धार नखावरून आणि बोटाच्या मांसावरून फिरवून तपासतो. खाच सापडली तर ते जनावर बाद. प्रार्थना म्हणून तो गळ्यावर सुरी चालवतो आणि श्वासनलिका व अन्ननलिका कापतो. मधे थांबायचं नाही, वरून दाबायचं नाही, सुरी झाकली जाईल अशी आत खुपसायची नाही, ठरलेल्या जागेबाहेर कापायचं नाही आणि काहीही फाडायचं, उपटायचं नाही. यातलं एक जरी घडलं तरी मांस खाता येत नाही. मुसलमानांच्या हलालशी याचं बरंच साम्य आहे, पण नियम तेच नाहीत. एका झटक्यात मान उडवणं इथे चालत नाही.

तिसरी पायरी तपासणीची. आतून आजारी किंवा जखमी जनावर चालत नाही, विशेषतः फुप्फुसं बघतात. काही चरबी वर्ज्य, मांडीतली मोठी शीर वर्ज्य. याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजला आणि त्याची मांडी लचकली, त्या कथेची ही आठवण.

चौथी पायरी रक्ताची. रक्त म्हणजे जीव, आणि जीव खायचा नाही. म्हणून मांस अर्धा तास पाण्यात, मग तासभर जाड्या मिठात, मग तीन वेळा धुऊन घ्यायचं. काळजात रक्त फार, ते थेट आगीवर भाजावं लागतं. पक्षी किंवा हरणासारखं रानटी जनावर कापलं तर सांडलेलं रक्त मातीने झाकायचं. आणि शेवटी, मांस आणि दूध एकत्र नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तोरामध्ये तीन वेळा आलेली आहे, त्यातून हा सगळा नियम वाढला. म्हणून तर बेने इस्राएल घरांतल्या मटणात दही पडत नाही, नारळाचं दूध पडतं. कोकणात राहून ही सोय बरी झाली!

जुन्या करारातली कथा अशी की पहिल्या माणसांना अन्न म्हणून फक्त झाडपाला, धान्य आणि फळं दिली होती. मांस खायची परवानगी मिळाली ती जलप्रलयानंतर, नोहाला. आणि तीही रक्त वर्ज्य करूनच. मांस ही सवलत आहे, हक्क नाही, असं बऱ्याच यहुदी विचारवंतांनी मानलं आहे. मला तरी हे सगळे नियम त्या सवलतीला घातलेले लगाम वाटतात.

तर हे सगळं करायला वर्ध्यात कोण होतं? कुणीच नाही. मुंबईत देवळाशी जोडलेला शोहेत असे. कोकणातल्या गावांत प्रार्थना चालवणारा हज्जान हेही काम बघायचा. काकूंचे यजमान रेल्वेत कारकून. त्यामुळे वर्ध्यात असेपर्यंत त्या घरात मटण शिजलंच नाही. मुंबईला गेले की खाऊन यायचे.

आईला हे पटलं ते मात्र मासळीबाजारात. योगायोगाने दोघी एकाच वेळी गेल्या होत्या, मी पिशवी धरायला. काकूंनी रोहू उचलला, नखाने एक खवला उचकटून बघितला आणि पिशवीत टाकला. कोळ्याने मांगूर पुढे केला, ताजा, वळवळणारा. काकू म्हणाल्या, "नको, याला खवले नसतात." झिंग्यांच्या ढिगाकडे तर त्यांनी बघितलंही नाही. आई सगळं टक लावून बघत होती. घरी येताना मला म्हणाली, "तिचं भांडन माणसाशी नाई रे, मासोळीशी हाये."

त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली ती काकूंची बदली होईपर्यंत.

आईला ठाऊक नव्हतं, पण माशाच्या खवल्याची गोष्ट बेने इस्राएलांच्या इतिहासात फार मोठी आहे. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी, कुणी म्हणतं दोन हजार वर्षांपूर्वी, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. पिढ्यानपिढ्या ते कोकणातल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू विसरली, फक्त 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द तोंडात राहिले. सुंता राहिली, शनिवार राहिला आणि खाण्याचे नियम राहिले. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी त्यांच्यात आला. हे खरंच यहुदी आहेत का, हे बघायला त्याने बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले, अशी आख्यायिका आहे. बायकांनी पर आणि खवलेवाले मासे बाजूला काढले आणि बाकीचे टाकून दिले. रहाबीची खात्री पटली. त्याने तिघांना शिकवून तयार केलं, तेच त्यांचे पहिले काजी.

ग्रंथ गेला, भाषा गेली, आणि ओळख टिकली ती स्वयंपाकघरात, बायकांच्या हातात. इतिहास म्हणून यातलं किती सिद्ध होतं हा वेगळा प्रश्न, पण समाज स्वतःबद्दल काय सांगतो यालाही अर्थ असतो. शेजाऱ्यांचा परिणामही झालाच. गाय शास्त्राने कोशर असूनही जुन्या बेने इस्राएल घरांत ती खात नसत, गावातल्या हिंदू शेजाऱ्यांसारखेच.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. सुरी, मीठ, खवला. नियम वस्तूला लागतो, माणसाला नाही. मी बरीच वर्षं हेच धरून बसलो होतो. आमच्या आईला विटाळाचा अनुभव होता, म्हणून तिला काकूंच्या नकारात विटाळ दिसला. खरं तर तसं काही नव्हतं. मग पुढचं वाचत गेलो, आणि ते इतकं सरळ राहिलं नाही.

एकोणिसाव्या शतकात बगदाद आणि आसपासच्या भागातून यहुदी व्यापारी मुंबईत आले. सुरुवातीला ते बेने इस्राएलांच्याच देवळात प्रार्थना करत. सॅम्युअल इझिकेल दिवेकर या बेने इस्राएल लष्करी अधिकाऱ्याने १७९६ साली बांधलेलं ते मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. पण हळूहळू या मराठी बोलणाऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या लोकांचं यहुदी रक्त शुद्ध आहे का, अशी शंका निघाली. १८३६ साली बगदाद्यांनी सरकारकडे अर्ज करून सामाईक दफनभूमीत मधे भिंत मागितली. आणि बेने इस्राएल शोहेतने कापलेलं मांस अनेक बगदादी घरं खाईनाशी झाली.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. शास्त्र सुरी कशी तपासायची ते सांगत होतं, आणि लोक सुरी धरणारा हात तपासत होते.

बेने इस्राएलांच्या स्वतःच्या घरातही हे होतंच. 'गोरे' आणि 'काळे' अशी दोन थरांची विभागणी. ज्यांच्या पूर्वजांत बाहेरची आई आली ते काळे. दोघांत रोटी नाही, बेटी नाही. जातीच्या मुलखात राहून हे त्यांनी शेजाऱ्यांकडूनच उचललं असणार. गाय न खाणं उचललं, तसंच हेही.

आणि मग इस्राएल. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. १९६० नंतरच्या वर्षांत तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर चौकश्या लावल्या. आई, आजी, पणजी कोण होती ते आधी दाखवा, मग लग्न. मराठी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव करून सांगितलं की बेने इस्राएल सर्व अर्थांनी यहुदी आहेत, आणि धर्मपीठाला आपला आदेश मागे घ्यावा लागला. काकू आमच्या शेजारी राहायला आल्या त्याच्या आठ-दहा वर्षं आधीची ही गोष्ट. त्यांचे कुणी नातेवाईक त्या धरण्यात असतील का, हे विचारायला हवं होतं. तेव्हा मला एवढी अक्कल कुठली?

यात वर्ध्याचाही एक धागा आहे. आमच्या कॉलनीपासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. १९४० पूर्वी त्याचं नाव सेगाव. गांधीजींबद्दल आमच्या घरात फारसं प्रेम नव्हतं, हे नातेवाइकांना सांगायला नको. पण २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी यहुद्यांवर एक लेख लिहिला, तो या सेगावात बसून. ख्रिस्ती जगाने यहुद्यांना जे वागवलं ते हिंदूंनी अस्पृश्यांना वागवण्यासारखंच आहे, असं त्यांनी त्यात म्हटलं. त्याच लेखात जर्मनीतल्या यहुद्यांना सत्याग्रहाचा सल्ला दिला. त्यावर मार्टिन बुबर आणि ज्यूडा मॅग्नेस या यहुदी विचारवंतांनी १९३९ मध्ये कडक उत्तरं लिहिली, आणि ती रास्तच होती. दक्षिण आफ्रिकेतला गांधीजींचा जिवलग यहुदी मित्र हर्मन कॅलनबाख १९३७ मध्ये सेगावला येऊन गेला होता. १९३९ मध्ये तो परत आला आणि मलेरियाने आजारी पडला. शास्त्र पाळणाऱ्या यहुद्याला परक्या गावात जे जेवण सगळ्यात कमी अडचणीचं, तेच तिथे रोज असे. मांसच नाही म्हटल्यावर शोहेतही नको आणि सुरीही नको. आमच्या घरी काकूंनी नेमका तोच मार्ग काढला होता.

आई मात्र गांधीजींच्या वर्ध्याबद्दल एकच वाक्य बोलायची. १९२८ साली जमनालाल बजाजांनी इथलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना उघडं केलं, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मी ते घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, "देऊळ उघडलं, बरं झालं. चुली कुठं उघडल्या?"

त्यामुळे काकूंचा नकार निव्वळ सुरीचा होता, असं आता मी छातीठोकपणे म्हणत नाही. शास्त्र कडक पाळणारा यहुदी परक्या भांड्यातलं वरणही खाणार नाही, परक्याने शिजवलेल्या कित्येक पदार्थांनाही नाही म्हणेल. काकूंनी आपल्या मनाने एक रेघ ओढली होती: मटण नाही, बाकी सगळं. ती रेघ शास्त्राची पूर्ण नव्हती आणि जातीचीही नव्हती. शेजारधर्मासाठी जेवढी मागे सरकवता येईल तेवढी त्यांनी सरकवली होती.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात एकदा जुन्या कॉलनीच्या गप्पा निघाल्या. मी तिला बगदाद्यांची गोष्ट सांगितली, की काकूंच्या लोकांनी कापलेलं मटणसुद्धा दुसरे यहुदी खात नव्हते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे तिलेबी कोनी वाटी सरकवली होती."

आणि थोड्या वेळाने, "त्या दिवशी पानी पेली होती ती. आपल्या माठातलं. दोन गिलास. मले तवाच दिसायला पाह्यजे होतं."

वाटी आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. पाण्याचे ते दोन ग्लास कुणाच्याच लक्षात राहिले नव्हते, आईच्याही नाही, इतकी वर्षं.

असो. भाच्या, मीठ वापर.